कोयत्यालाही घर हवे



पनवेल तालुक्यातून, प्रबळगडाच्या पायथ्याच्या एका गावाहून एका ताईंचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी आहे, पण मुद्दा थोडक्यात असा. माघ महिन्यात त्यांचे सासरे राबासाठी कवळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढले होते. कमरेला नेहमीची आकडी, आकडीत कोयता. उतरताना पाय घसरला आणि पुरुषभर उंचीवरून खाली आले. हाडाला काही झाले नाही, पण आकडीतून निसटलेला कोयता मांडीला मागून लागला. सहा टाके पडले.

ताई पुढे लिहितात, "दादा, मामंजी आता हिंडू-फिरू लागले. पण माझा थोरला मुलगा अकरावीत आहे. सुट्टीच्या दिवशी तोही कमरेला कोयता लावून रानात जातो. मी काही बोलले की मामंजी म्हणतात, आमच्या सात पिढ्या अशाच गेल्या. मला मात्र मुलगा घरी येईपर्यंत चैन पडत नाही. बाजारातला चर्मकार मापाने चामड्याचे म्यान शिवून देतो असे ऐकले. ते घ्यावे का? घ्यावे तर कसे घ्यावे?"

ताई, तुमचा प्रश्न एका घरचा नाही. आपल्याकडे बैलाला गोठा असतो, धान्याला कणगी असते, देवाला देव्हारा असतो. रोज अंगाला चिकटून असणाऱ्या कोयत्याला मात्र आपण उघडाच हिंडवतो. म्हणून आजचे सारे पान त्यालाच देतो.

आधी आकडीची बाजू. मामंजींचे म्हणणे अगदीच फोल नाही. कमरेला दोरीने बांधायचा लाकडाचा तो खाचेचा तुकडा कोकणातल्या माणसाने विचार करूनच केला आहे. दोन्ही हात मोकळे राहतात. कोयता मागे हात नेताच सापडतो. पावसात भिजला तरी वारा लागून वाळतो. चिखल आत साचून राहत नाही. उघड्या अंगाने, गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्याला याहून सोपी सोय सापडणे कठीण.

पण आकडीत दोन उणिवा आहेत. एक, ती धार झाकत नाही. दुसरी, ती कोयत्याला धरून ठेवत नाही. कोयता आपल्या वजनाने तिच्यात बसलेला असतो. माणूस उभा आहे तोवर ठीक. माणूस आडवा झाला, उलटा झाला, आपटला, की कोयता मोकळा. आणि नेमके त्याच वेळी माणसाचे हात स्वतःला सावरण्यात गुंतलेले असतात.

माझे थोरले काका आंबे उतरवायला चढले असताना त्यांचा कोयता असाच निसटला होता. खाली काकू आंबे वेचत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर तो जमिनीत रुतला. काकूने कोयता उपटला, झाडाला टेकवून ठेवला आणि मुकाट्याने घरी निघून गेली. पुढे पंधरा दिवस ती काकांशी बोलली नाही. त्यानंतर काकांनी म्यान करून घेतले. काकूच्या अबोल्याने जे झाले ते आधी कोणाच्या सांगण्याने झाले नव्हते.

म्हणून माझे मत असे. भर पावसात, लावणीच्या दिवसांत, झाडावर चढायचे नसेल तर आकडी चालेल. पण झाडावर चढणे, डोंगर उतरणे, मोळी घेऊन चालणे, मोटरसायकलवर बसणे यांपैकी काहीही करायचे असेल तर धार झाकलेली आणि कोयता बांधलेला हवा. त्यासाठी म्यान.

आता म्यान कसे घ्यावे ते पाहू.

पहिली गोष्ट, तयार म्यान घेऊ नका. दोन कोयते कधी सारखे नसतात. लोहाराच्या हातावर आणि वापरणाऱ्याच्या गरजेवर त्यांची चोच, बाक आणि पाठ ठरते. एकाच लोहाराचे दोन कोयते एकावर एक ठेवून पाहा, फरक दिसेल. सैल म्यानात कोयता खुळखुळतो आणि आतून कातडे कापत राहतो. घट्ट म्यानातून ओढताना हिसका बसतो, आणि हिसक्याने निघालेली धार कुठे जाईल ते सांगता येत नाही. पनवेलचे एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नाव होते. चाक करणारा सुतार जसा गाडी आणि रस्ता विचारून चाक बांधी, तसेच म्यानही कोयता आणि माणूस पाहूनच शिवले पाहिजे.

दुसरी गोष्ट, कातडे. म्हशीचे जाड कातडे यासाठी चांगले. तीन ते चार मिलिमीटर जाडी असावी. साध्या भाषेत, दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी. ते झाडाच्या सालीत कमावलेले असावे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. कोल्हापुरी चप्पल अशाच कातड्याची होते. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचले असेलच. असे कातडे ताठ राहते, आणि ओले करून दाबले की दिलेला आकार धरून ठेवते.

दुसऱ्या प्रकारचे कातडे क्रोम नावाच्या क्षाराने कमावलेले असते. ते मऊ असते, पिशवीला, बुटाच्या वरच्या भागाला उत्तम. पण म्यानाला नको. ते ताणते, आकार धरत नाही. ओळखायचे कसे? कापलेली कड पाहा. सालीत कमावलेले कातडे आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमचे कातडे बरेचदा आतून निळसर-राखाडी असते, वरून रंग कोणताही दिलेला असो. आणखी एक फसवणूक टाळा. कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेले नकली चामडे दिसायला गुळगुळीत असते, पण पाऊस-उन्हात वर्षभरात पोपडे सुटतात. कडेला कापडाचे धागे दिसले की समजावे.

तिसरी गोष्ट, आकार. इथेच पुष्कळांचे चुकते. सुरी सरळ असते, म्हणून ती वरून बंद म्यानात सरळ जाते. कोयत्याला पुढे बाक आणि चोच असते. तो वरच्या तोंडातून सरळ आत जाणार नाही. गेलाच तर म्यान इतके रुंद करावे लागते की आत कोयता नाचतो. म्हणून कोयत्याचे म्यान पाठीच्या बाजूने उघडे ठेवावे. धारेची बाजू आणि चोच पूर्ण बंद. कोयता पाठीकडून आत सरकवायचा, चोच खाली टेकवायची, आणि पाठीवरून दोन पट्टे आवळायचे. एक पट्टा मुठीजवळ, शेंबीच्या खाली. दुसरा पात्याच्या मध्यावर.

चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. म्यानाच्या दोन पदरांमध्ये, धारेच्या बाजूने, कातड्याचीच एक जाड पट्टी घालून मग शिवण घ्यायला सांगा. ही पट्टी नसेल तर धार थेट दोऱ्यावर बसते. रोज थोडा थोडा दोरा कापला जातो. बाहेरून म्यान नवे दिसते आणि एके दिवशी शिवण उसवून धार बाहेर येते. मधली पट्टी असली म्हणजे धार पट्टीवर बसते, दोऱ्याला लागत नाही. शिवण मेण लावलेल्या जाड दोऱ्याची, दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी घेतलेली असावी. त्यातला एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. चोचीपाशी आणि मुठीपाशी तांब्याचा एकेक रिव्हेट मारून घ्यावा. तळाला एक छोटे भोक ठेवावे, म्हणजे पाणी आणि कचरा साचणार नाही.

नेपाळी खुकरीचे म्यान कुणी पाहिले असेल तर त्यातही हाच विचार दिसेल. त्यात आत लाकूड असते, वर कातडे आणि टोकाला धातूचे टोपण. टोकाने कातडे भोसकू नये आणि पात्याने ते कापू नये, एवढीच त्यामागची युक्ती. आपल्या कोयत्यालाही चोचीच्या जागी कातड्याचा आणखी एक तुकडा आतून लावून घेतला तर म्यान पुष्कळ टिकते.

चर्मकाराकडे जाताना कोयता गोणपाटात गुंडाळून सोबत न्या. कागदावर काढलेले माप पुरत नाही. कामावर जे कपडे घालता तेच घालून जा. धोतर, लुंगी, पँट, प्रत्येकाची कंबर वेगळी येते. डावखुरे असाल तर आधी सांगा. ओल्या कातड्यावर कोयता दाबून आकार देताना पात्याला तेल चोपडून वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा, नाहीतर सालीतल्या कातड्याने लोखंड काळे पडते. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळे होते. जुन्या काळी शाई याच गुणाने बनत असे. आकार दिल्यावर म्यान सावलीत वाळवावे. उन्हात किंवा चुलीपाशी वाळवले तर कातडे कडक होऊन तडकते.

आणि एक विनंती. घासाघीस करताना हात जरा आखडता घ्या. मोट, नाडा, चाबूक, वहाणा करणारा हा कारागीर एके काळी बलुत्यावर गावाचे काम करी. मोटा गेल्या, रबरी चपला आल्या, त्याचे निम्मे काम गेले. चांगले म्यान म्हणजे त्याचा दिवसभराचा खपाटा आहे. मधली पट्टी आणि दोन सुयांची शिवण हवी असेल तर त्याचे मोल द्यायला हवे. कमी पैशांत तो पट्टी गाळील, आणि ती गाळल्याचे आपल्याला मांडीला लागल्यावर कळेल.

आता म्यान बांधायचे कुठे? पुष्कळजण पाठीच्या मधोमध, मणक्यावर बांधतात. तसे करू नका. माणूस घसरला की बहुधा पाठीवर पडतो, आणि मणक्याखाली लोखंडाचा ठोकळा आला तर म्यान असूनही इजा व्हायची ती होते. पोटावर तर मुळीच नको, वाकताना मूठ बरगडीत रुतते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या कुल्ल्याच्या किंचित मागे बांधावे. मूठ वर, चोच खाली, धारेची बाजू मागे. डावखुऱ्याने डावीकडे.

पँटच्या बारीक पट्ट्यात म्यान अडकवू नका. कोयत्याच्या वजनाने पट्टा एका बाजूला ओढला जातो आणि म्यान पुढे सरकते. त्यासाठी वेगळा, दीड-दोन इंच रुंद पट्टा ठेवा. चामड्याचा असला तरी चालेल, पण मला सुती नवारीचा आणि पितळी बक्कलाचा बरा वाटतो. घामाने भिजला तर धुता येतो. पट्टा म्यानाच्या मागच्या दोन फासांतून गेला पाहिजे. एकाच फासावर टांगलेले म्यान चालताना घंटेसारखे हलते.

घरी आणल्यावर तीन परीक्षा घ्या. पहिली, कोयता आत घालून, पट्टे आवळून, म्यान उलटे धरून जोरात झटका. कोयता जागचा हलता कामा नये. दुसरी, कमरेला बांधून उकिडवे बसा, उठा, बांध चढल्यासारखा गुडघा छातीपर्यंत उचला. म्यान गुडघ्यामागे टोचत असेल तर फास लांब झाले आहेत, ते आखूड करून घ्या. तिसरी, न पाहता एका हाताने टिचबटण सोडून कोयता बाहेर काढा. तो जमला तर म्यान तुमचे झाले. मात्र परत घालताना नेहमी पाहूनच घालावा. काढताना होत नाहीत तितक्या जखमा घालताना होतात, कारण काम संपलेले असते आणि मन घरी पोचलेले असते.

झाडावर चढताना एक नियम घरात सर्वांनी पाळावा. वर बसायची जागा पक्की झाल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही, आणि काम संपल्यावर पट्टे आवळल्याशिवाय एक पाऊलही खाली टाकायचे नाही. खाली उभे राहणाऱ्याने झाडाच्या घेराबाहेर उभे राहावे. मोटरसायकलवर मात्र म्यानातला कोयतासुद्धा कमरेला ठेवू नये. तो गोणपाटात गुंडाळून गाडीला बांधावा.

माय-बहिणींसाठी दोन शब्द. भातकापणीचा विळा बहुतेक बायका मोळीत खोचतात किंवा कमरेला ओच्यात धरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आता पुष्कळ घरी आहे. त्याची धार करवतीसारखी असल्याने जखम फाटते आणि भरायला वेळ लागतो. विळ्याला जड म्यान नको. जुन्या सायकलच्या टायरची किंवा रबरी नळीची एक पट्टी उभी चिरून धारेवर बसवावी आणि सुतळीने बांधावी. खर्च काहीच नाही. डोक्यावर भारा, काखेत लेकरू आणि ओच्यात उघडा विळा, हे दृश्य आपल्या शिवारातून गेले पाहिजे.

आता थोडे कायद्याचे. पनवेल आता पूर्वीचे पनवेल राहिले नाही. २०१६ साली तिथे महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. नेऱ्याकडचा माणूस कोयता लावून बाजारात आला तर शेजारचा माणूस दचकतो. २०२३ च्या सुमारास पुण्यात कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आल्या, तेव्हापासून तर कोयता या शब्दालाच बट्टा लागला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानलेले नाही, त्यामुळे शेतीच्या कोयत्याला परवाना लागत नाही. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सणावाराला, निवडणुकीच्या काळात मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत धारदार वस्तू घेऊन रस्त्यावर फिरणे अंगाशी येऊ शकते. म्हणून रानात कोयता कमरेला आणि बाजारात तो पिशवीत, म्यानासह गुंडाळलेला, असा शिरस्ता ठेवावा. विशेषतः तरुण मुलांना हे बजावून सांगावे. म्यान मिरवण्यासाठी नाही. कोयता लपवून धाक दाखवण्यासाठी तर मुळीच नाही.

म्यानाची निगा सोपी आहे, पण ती रोजची आहे. घरी आल्यावर कोयता म्यानातून काढावा, पुसावा, तेलाचा बोळा फिरवावा आणि मुलांच्या हाताला न लागेल असा उंच ठेवावा. म्यान शेजारी रिकामे टांगावे. रात्रभर म्यानात राहिलेल्या कोयत्याला कातड्यातल्या ओलीने गंज चढतो. आगोटीच्या आधी म्यानाला एरंडेल तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जास्त तेल पाजले तर कातडे ढिले पडते. कोकणच्या पावसात कातड्यावर बुरशी धरते, म्हणून श्रावण-भाद्रपदात म्यान चुलीच्या धुरापासून दूर, पण कोरड्या जागी टांगावे. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवावे. दर महिन्याला शिवणीवरून बोट फिरवावे. एक टाका उसवलेला दिसला तर त्याच आठवड्यात चर्मकाराकडे न्यावे.

इतके करूनही जखम झालीच तर हळद, चुना, राख काही भरू नका. स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा, लागलेला भाग उंच ठेवा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. रक्त थांबले म्हणून घरी बसू नका.

ताई, आता तुमच्या घरचे. म्यान दोन करा, एक मुलाला आणि एक मामंजींना. आणि एक युक्ती सांगतो. चर्मकाराकडे मुलाला तुम्ही नेऊ नका, मामंजींना न्यायला सांगा. कोयता कसा धरावा, पाठ कुठे जड असावी, कमरेला कुठे बसला म्हणजे हात बरोबर पडतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? नातवाच्या मापाचे म्यान त्यांच्या नजरेखाली शिवले गेले म्हणजे सात पिढ्यांचे म्हणणेही राहिले आणि आठवीची काळजीही घेतली गेली. नातवासाठी पट्टा आवळून पाहताना ते स्वतःच्या कमरेलाही एकदा लावून बघतील, याची मला खात्री आहे.

म्यान झाले की कळवा. त्या दिवशी मुलगा रानातून येईपर्यंत तुम्ही दाराशी उभ्या होता की घरात भाकरी थापत होता, तेवढे मात्र आठवणीने लिहा.